कोअरची वेगळी चूल

घरच्या लिनक्सवर हार्मोनियमचा सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले सूर वाजवणारा प्रोग्राम) वाजवताना मधेच ‘टक्’ असा आवाज यायचा. 64 फ्रेमचा बफर (एका फेरीत तयार करायचा आवाजाचा तुकडा), 48000 हर्ट्झ म्हणजे सेकंदाला 48000 फ्रेम, म्हणजे दर फेरीला हातात जेमतेम 1.33 मिलीसेकंद, तेवढ्यात हिशोब पुरा झाला नाही की कानाला कळतंच. सरासरी मस्त होती हो, बोंब होती ती हजारात एखाद्या फेरीची.

मग म्हटलं प्रोसेसरच्या दोन कोअरची वेगळी चूल मांडू. चार कोअर, आठ थ्रेडचं मशीन (लिनक्सला ते 0 ते 7 असे आठ सीपीयू दिसतात), बूटच्या ओळीत आयसोलसीपीयूज (isolcpus) हा पर्याय लिहून 2 आणि 3 बाजूला काढले, टास्कसेट कमांडने सॅम्पलर तिकडे पाठवला आणि... टक्. वर एक नवीनच लफडं, डिस्कवरून सॅम्पल वाचणारे साध्या प्रायॉरिटीचे थ्रेड (म्हणजे इथे प्रोग्रामची समांतर चालणारी कामं) सगळेच्या सगळे 2 वर दाटीवाटीने बसलेले आणि 3 मोकळा! कारण बाजूला काढलेल्या कोअरवर शेड्युलर, म्हणजे कर्नलचा कामं वाटणारा भाग, लोड बॅलन्सिंग करतच नाही, कामं सारखी पसरवत नाही. वेगळं राहायचंय ना, मग आपलं आपण बघा. प्रत्येक थ्रेडला हाताने जागा दिली तेव्हा कुठे सुटलं.

इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाका) पण आपोआप हटत नाहीत बरं का, ते वेगळे 0 आणि 1 कडे वळवावे लागतात, आणि इंटरप्ट वाटणारा आयआरक्यूबॅलन्स प्रोग्राम चालू असेल तर तो मागून येऊन परत पसरवून ठेवू शकतो. पण खरा चोर निघाला तिसराच. माझ्या मशीनवर 2 चा जुळा 6 आणि 3 चा जुळा 7, एकाच कोअरचे दोन थ्रेड, आणि 6 वर ब्राउझर खुशाल नाचत होता. चूल वेगळी पण मोरी एकच! आता 3 आणि 7 दोन्ही बाजूला काढलेत, 7 रिकामाच ठेवलाय, आणि 2 परत घरच्यांना देऊन टाकला.

तरी शांत वाजवताना एखादा टक् यायचाच, गंमत म्हणजे मशीनला काही काम नसताना जास्त. एकटा पडलेला कोअर काम नसलं की गाढ झोपतो, म्हणजे खोल सी-स्टेटमध्ये जातो, आणि तिथून उठायला वेळ लागतो. ही झोप टाळायला सीपीयू-डीएमए-लेटन्सी नावाची फाईल उघडून त्यात शून्य लिहायचं आणि फाईल उघडीच ठेवायची, बंद केली की विनंती रद्द, मी आधी एको कमांडने लिहिली, ती लिहून लगेच फाईल बंद करते, आणि अर्धा दिवस डोकं खाजवत बसलो.

नोएचझेड-फुल (कोअरवरचा टिक, म्हणजे कर्नलचा ठरावीक ठोका, बंद करायचा पर्याय) पण लावून बघितलं, सगळे लावतात म्हणून. ते कोअरवर एकच काम सतत फिरत असेल, म्हणजे डीपीडीके या नेटवर्क लायब्ररीसारखं सतत पॅकेट आलं का बघत राहणं (पोलिंग) वगैरे, तिथे टिक बंद करायला भारी, आमचा ऑडिओ थ्रेड तर दर फेरीला झोपतो-उठतो, उलट कर्नलमध्ये जायचा-यायचा खर्च थोडा वाढतो. काढून टाकलं.

काल तासभर भूप वाजवला, एकही टक् नाही, चुकलेले सूर होते ते माझे.