गंज आहे का घरात?

वैशाखातली दुपार. अमळनेरात त्या दिवशी ४४ अंश होतं, म्हणजे आमच्या हिशेबाने बरं चाललं होतं. खिडकीला ओला टॉवेल, उशाशी कुलर आणि मी अर्धवट डुलकीत. तेवढ्यात मायचा फोन वाजला. पुण्याहून तिची नात, म्हणजे माझी लेक, विचारत होती, "आजी, घरात गंज आहे का?"

"शेतस ना दोन. एक मोठा, एक धाकला."

"दोनच? मला भरपूर हवाय गं."

"इतला कसाले जोयजेत? कोनं लगीन शे का?"

मायचं माहेर बोदवडकडचं. साठ वर्षं अमळनेरात राहून तिची बोली अहिराणी झाली, पण भांड्यांची नावं तिने माहेरचीच ठेवली. तिच्यासाठी गंज म्हणजे उभट पातेलं, पाहुणे आले की भात ज्यात होतो ते. पुण्यात कापडाच्या डिझाइनचं शिकणाऱ्या नातीला हवा होता लोखंडावरचा गंज. कापड रंगवायला. दोघी पाच मिनिटं बोलल्या आणि दोघींचंही पूर्ण समाधान झालं. मी डोळे न उघडता ऐकत पडलो होतो. मध्ये बोलून एवढा चांगला संवाद कोण बिघडवणार?

सुट्टीत लेक आली ती थेट माझ्या डब्यापाशी.

हा डबा म्हणजे आमच्या घरातलं जुनं भांडण. वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा, त्यात वाकडे खिळे, चुका, वायसर, दोन कोयंडे, बैलाच्या खुराच्या पत्र्या, वखराच्या पासेचा तुकडा, सायकलचं दातेरी चाक आणि एका कुलपाच्या तीन किल्ल्या. कुलूप नाही. दर दिवाळीला बायको तो डबा भंगारात काढते आणि दर दिवाळीला मी तो गुपचूप परत आणून ठेवतो. वाकडा खिळा दगडावर ठेवून ठोकून सरळ करण्यात जे सुख आहे ते नव्या खिळ्याचा पुडा फोडण्यात नाही, हे मी तिला समजावू शकलेलो नाही. आता लेकीने तो डबा धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, उपडा केला आणि एकेक वस्तू उचलून "बाबा, हे केवढं भारी गंजलंय!" म्हणायला लागली, तेव्हा मी बायकोकडे मुद्दाम पाहिलं.

डबा बहुतेक गावातलाच. १९४५ साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तोच पुढे विप्रो झाला. बाहेरच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग मोबाईलमध्ये बघतो, मग गप्प होतो. तिथे तुपाबरोबर कपडे धुवायचा साबणही निघायचा, नाव नुसता आकडा, ७८७. गंजाच्या डागापुढे मात्र या साबणाचं काय, कुठल्याच साबणाचं काही चालत नाही, कारण गंज मळ नव्हेच. तो लोखंडच असतो, हवा आणि पाणी पिऊन कापडात जाऊन बसलेलं.

मायला हे रसायन कोणी शिकवलं नव्हतं, पण डागांची तिची वर्गवारी पक्की होती. हळदीचा डाग उन्हाला भितो, दोन दिवस वाळत घातला की पळतो. केळीचा चीक मेल्याशिवाय जात नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत राबणाऱ्यांचे कपडे म्हणूनच वेगळे असतात, आणि लग्नकार्यात नवा शर्ट घालून कोणी बागेत शिरला तर त्याला सगळेच ओरडतात. गंजाला लिंबू, मीठ आणि चैत्र-वैशाखातलं ऊन. लिंबू पिळायचं, वर मीठ चोळायचं, उन्हात टाकायचं, वाळलं की पुन्हा पिळायचं. एकदाच तिने शेजारणीचं ऐकून ब्लीचिंग पावडर लावली, तर डाग जायच्या ऐवजी आणखी गडद होऊन बसला. त्या शेजारणीने दिलेली पापडखारसुद्धा मग तिने वर्षभर वापरली नाही.

आमच्या अंगणात तार होती. एका टोकाला बाभळीचा खांब, दुसऱ्या टोकाला न्हाणीच्या भिंतीतली खुंटी. तारेवरचा जस्ताचा हात केव्हाच उडालेला. कपडे वाळत घालण्याआधी माय तारेवरून ओलं फडकं फिरवायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि फडकं दर वेळी विटकरी होऊन यायचं. चौथीत असताना चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी मी माझा पांढरा शर्ट स्वतः धुतला. कोणी सांगितलं नव्हतं, देशभक्तीच उफाळून आली होती. शर्ट तारेवर टाकला, तोही तिरका, कारण नीट पसरायचा कंटाळा. फडकं फिरवायचं डोक्यातही आलं नाही. श्रावणातली ओल, रात्रभर भुरभुर. सकाळी शर्ट काढला तर उजव्या खांद्यापासून डाव्या बरगडीपर्यंत एक सरळ तांबूस रेघ. दुसरा शर्ट नव्हता. झेंडावंदनाला तोच घालून गेलो. साहेबांच्या शिपायाच्या छातीवर तिरका पट्टा असायचा ना, हुबेहूब तसा. राष्ट्रगीत संपायच्या आत माझं नाव पट्टेवाला पडलं ते सातवीपर्यंत टिकलं.

आता आमच्याकडे नायलॉनची दोरी आहे. तिला गंज चढत नाही हे मला कळतं. तरी कपडे वाळत घालताना मी तिच्यावरून फडकं फिरवतो. बायकोने हसणंही सोडून दिलंय.

तर लेकीने जुनी पांढरी सुती चादर घेतली. अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी, त्यात चादर बुडवून पिळली. धाब्यावर अंथरून तिच्यावर माझा खजिना मांडला. मधोमध सायकलचं चाक, भोवती वायसर, एका कोपऱ्यात पत्र्या, काठाला किल्ल्या. मग सगळ्यासकट चादर घट्ट गुंडाळून सुतळीने करकचून बांधली. गंजाला ओल आणि हवा दोन्ही लागतात. पुण्यात म्हणे ते बोचकं तसंच ठेवलं तरी ओलं राहतं. इथे तासाभरात त्याची बाकरवडी झाली. मग दर थोड्या वेळाने उठून पाणी शिंपडायचं, प्लास्टिकची पिशवी अर्धवट ओढायची, पुन्हा सावलीत यायचं. ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. धाब्यावर व्हिनेगरचा आंबूस वास सुटला आणि खालच्या गल्लीतून कोणीतरी विचारलं, "भाऊ, लोणचं टाकं का?"

माय जिन्यापाशी सावलीला बसून सगळं बघत होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मना आक्खा जनम डाग काढामा गया, नि तू डाग पाडी ऱ्हायनी?"

लेक तिला समजावत बसली. अजरखच्या छापील कापडाचा काळा रंग कसा करतात, तर लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून. कलमकारीची काळी रेघही त्याच जातीची, फक्त तिथे कापड आधी हिरड्यात बुडवलेलं असतं. हिरडा, डाळिंबाची साल, चहा, ज्यात ज्यात तुरटपणा आहे त्याला लोखंड भेटलं की काळं होतं. माय ऐकत होती आणि एकदम म्हणाली, म्हणजे विळीवर कच्ची केळी चिरली की पातं काळं पडतं, तसंच ना? लेक आ वासून बघत राहिली. तिच्या कॉलेजात हे एका अख्ख्या तासात शिकवलं होतं.

मला आठवलं ते आमच्या आजोबांचं खातं. हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, आणि हिरडा यांची शाई. त्यातल्या काही पानांवरची अक्षरं आता उरलेली नाहीत, अक्षरांच्या जागी भोकं आहेत. शाईतलं लोखंड कागद खातं. कापडाचंही तसंच होतं का, म्हणून विचारलं, तर लेक म्हणाली, होतं. म्हणून गंज हवा तेवढा चढला की सोड्याच्या पाण्यातून काढायचं, साबणाने धुवायचं, तरी वर्षानुवर्षांनी तिथेच विरतं. चादरीचं आयुष्य किती, असं मी पुढे विचारलं नाही. तशीही ती चादर माझ्या लग्नातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठी सोडल्या. मी सहसा अशा गोष्टींना नावं ठेवणारा माणूस आहे, पण ते बघण्यासारखं होतं. सायकलच्या चाकाचा दात न् दात उमटला होता, कडेला गडद नारिंगी आणि आत जाताना फिकट होत जाणारा, जसा पिकता आंबा. वायसर तर चंद्रासारखे, काही पूर्ण, काही कलेकलेने. घडीमुळे एका किल्लीच्या चार किल्ल्या झाल्या होत्या, एकीपेक्षा एक पुसट. लेकीने अर्धी चादर चहाच्या कोमट पाण्यात बुडवली आणि डोळ्यांदेखत त्या अर्ध्या भागातलं नारिंगी निळसर काळं होत गेलं. सोडा झाला, साबण झाला. चादर दोरीवर गेली. (फडकं मी फिरवलं होतं.) आम्ही दोघं खाली जेवायला गेलो. कळण्याची भाकरी होती, ठेचा होता, वर कुलर. झोप लागली.

चारच्या सुमाराला बायकोचा आवाज आला, "फ्रीजमधली चार लिंबं कुठे गेली?" उन्हाळ्यात लिंबू पाच रुपयाला एक.

धाब्यावर गेलो तर माय भर उन्हात, डोक्याला पदर गुंडाळून बसलेली. मांडीवर चादरीचा कोपरा, पुढ्यात मिठाची वाटी, पिळलेल्या फोडी. बैलाच्या पत्र्यांपैकी एक जवळजवळ गेली होती, दुसरीचा नुसता भास उरला होता. आम्हाला बघून तिचा चेहरा असा फुलला की लेकीच्या तोंडून शब्द फुटेना. "दख," माय म्हणाली, "गया ना!"

लेक ती चादर पुण्याला घेऊन गेली. त्या कोपऱ्यासकट. आता दर रविवारी फोन येतो, तेव्हा तब्येत, जेवण, पाऊसपाणी झालं की माय शेवटी हळूच विचारते, बाकीचे डाग निघाले का गं? नसतील तर आणखी दोन लिंबं पिळ म्हणावं, तिकडचं ऊन थोडं कमी पडत असेल.