आमची वाटचाल : पेटी, तबला आणि एक पत्रक

भाऊ तबला शिकवतो, मी पेटी आणि गाणं. दोघांनी मिळून मुलांसाठी क्लास काढायचं ठरवलं, तेव्हा पहिली जुंपली ती पत्रकावरून. 'संगीताने बुद्धिमत्ता वाढते' असं ठळक छापायचं, सगळेच छापतात, हे त्याचं म्हणणं. मी म्हटलं, छापायचंच तर आधी वाचून तरी बघू.

वाचलं तर भलतंच निघालं. या गाजलेल्या दाव्याचं मूळ १९९३ सालच्या एका प्रयोगात आहे. त्यात अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना दहा मिनिटं ऐकवली होती. नंतर कागदाच्या घड्या नि आकृत्या यांच्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले, आणि दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरलाही. म्हणजे लहान मुलं नाहीत, शिकणं नाही, नुसतं ऐकणं. तरी १९९८ मध्ये तिथल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना शास्त्रीय संगीताच्या सीडी वाटायचा प्रस्ताव मांडला!

प्रत्यक्ष शिकण्यावरचा प्रयोग कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. सहा वर्षांची १४४ मुलं घेतली. काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक शिकवलं, काहींना काहीच नाही. संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक बाकीच्यांपेक्षा जेमतेम तीनेक गुणांनी जास्त वाढला. चारचौघांतलं वागणं मात्र नाटकवाल्यांचं सुधारलं. आणि २०२० मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात काटेकोर मांडणीच्या प्रयोगांत हा फायदा जवळजवळ उरलाच नाही.

मग पत्रकावर एवढंच छापलं : 'तुमच्या मुलाला सुरात गाता येईल, तालात वाजवता येईल.' भाऊ म्हणाला, "ताई, ही काय जाहिरात झाली?" पहिलं वर्ष ओढाताणीचंच गेलं.

पण जे आले, त्यांचं काय होतं ते आम्ही रोज बघत होतो. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर धरायच्या : पहिली (म्हणजे सम), पाचवी, तेरावी टाळी, नववी खाली. खालीला हात बाजूला न्यायचा, वाजवायचा नाही. नवं मूल तिथे हमखास टाळी ठोकतं नि अख्खी बॅच हसते. काही आठवडे जातात, आणि तेच मूल आठव्या मात्रेलाच हात सैल सोडायला लागतं. पुढे काय येणार हे त्याला आधीच कळलेलं असतं, आणि हात आवरताही येत असतो. याला कुठल्या चाचणीत किती गुण मिळतात ते मला माहीत नाही, मला त्याची गरजही वाटत नाही. शेजारच्याची लय चुकली तरी आपली सोडायची नाही, सूर खाली लागतोय हे कुणी न सांगता ओळखायचं, हे शिकण्यासारखं आहेच की.

एकेकट्याची शिकवणी घेतली तर फी जास्त मिळते, तरी लहान मुलांसाठी आम्ही बॅचच ठेवली. कीर्श्नर आणि टोमासेलो या संशोधकांनी २०१० साली चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता : एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली मुलं नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली, तोच खेळ संगीताशिवाय खेळलेली तेवढी नाही. आमच्या खोलीत हे रोज दिसतं. एखाद्याचा कायदा, म्हणजे तबल्यावरची बांधलेली रचना, मध्येच सुटला की शेजारचा डोळ्यांनी 'थांब, समेवर ये' म्हणतो.

करोनाच्या काळात नेमकं हेच गेलं. ऑनलाइनमध्ये आवाज क्षणभर उशिरा पोचतो. क्षणभराचा उशीर बोलण्यात चालतो, तालात नाही. सगळ्यांनी एकदम म्हटलं की नुसता गलका. शेवटी लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला पेटीवर पुन्हा पुन्हा वाजणारी धून, रेकॉर्ड करून घरोघर पाठवला. प्रत्येकाने माइक बंद ठेवून वाजवायचं, पाळीपाळीने एकाने ऐकवायचं. बरीच मुलं गळाली. धंदा तगला तो वाद्यं भाड्याने दिल्यामुळे. घरात तबला-डग्गा असला की रोज दहा मिनिटं तरी हात फिरतो, आणि आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा ती दहा मिनिटं जास्त कामाची.

परीक्षांचं विचाराल, तर पहिली दोन वर्षं आम्ही कुणालाच बसवत नाही. त्यावरून काही पालक दुसरीकडे जातात, जाऊ देत. सध्याची अडचण वेगळीच आहे : भाड्याने द्यायला तबल्याचे जोड पुरत नाहीत, आणि एवढ्या हातांखाली पुड्या, म्हणजे तबल्याच्या तोंडावरची कातडी, फार लवकर जातात. म्हणून पुढच्या वर्षी दुसरी खोली घेण्याआधी नवे जोड घ्यायचे ठरलंय. खोलीचं बघू नंतर.