पुढचे ब्रेक पॅड: डावी बाजू झाली, उजवीकडे पिन जाम

डाव्या चाकाचं काम पूर्ण. उजवीकडची खालची गाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतं ती) ब्रॅकेटमध्ये, म्हणजे कॅलिपर आणि पॅड धरणाऱ्या चौकटीत, जाम झाली आहे, त्यामुळे गाडी अजून स्टँडवरच. लहान हॅचबॅक आहे, पुढे एका पिस्टनचं सरकतं कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना हीच रचना असते.

आधी जुन्या पॅडची मापं, मागचा पत्रा सोडून. डावीकडे आतलं ४ मिमी, बाहेरचं ४.५. उजवीकडे बाहेरचं ५ आणि आतलं जेमतेम २! चाकाच्या फटीतून डोकावलं तर बाहेरचंच पॅड दिसतं, आणि ते बघून ‘अजून वर्षभर चालेल’ असं वाटतं. पिस्टन आतलं पॅड डिस्कवर दाबतो, मग कॅलिपर पिनांवरून सरकतं आणि बाहेरचं पॅड ओढून आणतं. पिन अडकली की कॅलिपर जागचं हलत नाही आणि आतलं पॅड एकटंच झिजत राहतं. म्हणून पॅड बदलण्यापेक्षा पिना आणि ब्रॅकेट साफ करण्यात जास्त वेळ घालवावा, असं ठाम मत आहे. पॅड बदलायला दहा मिनिटं पुरतात.

डावीकडचा क्रम असा. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड, चाक जमिनीवर असतानाच नट सैल, मग जॅक आणि लगेच स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवलं आणि तारेने बांधलं. ते होजवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी नळीवर, लोंबकळू देऊ नका. बोल्टबरोबर पिनही फिरायला लागली तर पिनेच्या चपट्या कडांवर पातळ पाना धरायचा. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने पाहिली. व्हर्नियरचे जबडे काठाच्या न झिजलेल्या कडेवर बसतात आणि माप फसवं जास्त येतं. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते.

ब्रॅकेटमधल्या स्टीलच्या क्लिपा काढल्यावर खाली गंजाचा पापुद्रा निघाला, नखाने उचलला जाईल इतका. पावसाळ्यात पाण्यातून फिरणाऱ्या गाड्यांत हा हमखास सापडतो. तो क्लिपेला वर उचलतो, मग नव्या पॅडचे कान (दोन्ही टोकांचे, क्लिपांत बसणारे भाग) घट्ट बसतात. अशा वेळी पॅडला कानस लावतात ते चूक. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपरने ब्रॅकेट धातूपर्यंत साफ केलं, नव्या क्लिपा लावल्या. आता पॅड बोटाने ढकललं तरी सरकतं. तसं सरकलंच पाहिजे.

पिस्टन मागे नेताना जुनं पॅड आडवं ठेवून सी-क्लॅम्प हळूहळू आवळला. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण आधी उघडायचं आणि तेल वर चढलं की सिरिंजने काढायचं. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी, नाहीतर रंग उठतो.

पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, पातळ थर. साधं चाकाचं ग्रीस नको, त्याने पिनेवरची रबरी टोपणं (बूट) फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. पॅडच्या पाठीला व कानांना अगदी थोडं, घर्षणाच्या बाजूला थेंबही नाही.

उजवीकडे गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरत ठेवलंय. उद्या पिन वर-खाली न ठोकता पान्याने डावी-उजवीकडे थोडी थोडी फिरवत बाहेर काढायची. हे तेलही रबराला मारक, म्हणून भोक ब्रेक क्लीनरने धुऊन पिन-बूटचा नवा संच बसवणार. तोवर ब्रेक पेडलला पाय लावायचा नाही. उघड्या कॅलिपरमधून पिस्टन बाहेर येईल.

दोन्ही बाजू बंद झाल्या की इंजिन सुरू करण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबायचं. पहिले काही दाब थेट तळाला जातात, तेव्हा गाडी पुढे घेतली तर ब्रेकच नसतो. मग टाकीतली पातळी, चाकाचे नट फुलीच्या क्रमाने टॉर्क रेंचने. रिकाम्या रस्त्यावर ५० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट मोकळं चालवायचं, पूर्ण थांबायचं नाही. परतल्यावर दोन्ही रिमजवळ हात नेऊन पाहायचा. उजवं चाक जास्त तापलं असेल तर पिन पुन्हा उघडायची.