आमची वाटचाल : बटर न बदलता काढलेली वर्षे

खाण्याची आवड हे धंद्याचे भांडवल होऊ शकत नाही, असे या व्यवसायातल्या जाणत्यांनी मला सुरुवातीलाच बजावले होते. माझ्याकडे मात्र त्याखेरीज दुसरे भांडवलच नव्हते. शिक्षण चालू असताना घरच्या छोट्या ओव्हनमध्ये सतत काहीतरी भाजत राहण्याचा छंद मला जडला आणि सण जवळ आला की त्या छंदाला उधाण येई. अंडी, बटर, साखर आणि मैदा समान वजनाने घेऊन केलेला साधा पाउंड केक, सुकामेव्याने जड झालेला केक, आल्याच्या कुकीज असे जे जमेल ते मी ओळखीच्या घरी पोचवत असे. पुढे त्याच घरांतून पैसे देऊन मागणी येऊ लागली आणि छंदाला वहीखाते जोडावे लागले.

पहिल्या कमाईतून मी ओव्हनच्या आत ठेवायचा तापमापक आणि ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा घेतला. हल्लीची हौशी मुले आधी सजावटीच्या नोझलचे संच आणि फिरता स्टँड घेतात, म्हणून त्यांना मी कोणी विचारले नसतानाही सांगते की घरगुती ओव्हनची कळ 180 अंशांवर असताना आतले तापमान वीस-पंचवीस अंशांनी वेगळे असणे यात नवल काहीच नाही, आणि हा फरक ज्याला ठाऊक नाही त्याने पाककृतीला दोष देऊ नये. अंड्यांचेही तसेच आहे. कवचाशिवाय एका अंड्याचे वजन साधारण 50 ग्रॅम धरतात, परंतु लहानमोठ्या अंड्यांमुळे मोठ्या घाण्यात पडणारा फरक केकच्या पोतात उतरतो. म्हणून आमच्याकडे अंडी आजही मोजली जात नाहीत, तोलली जातात.

त्यानंतर आला जुना प्लॅनेटरी मिक्सर, म्हणजे पीठ घोटणारे मोठे यंत्र, आणि त्याच्यासोबत काका आले. पाव-बेकरीत उभी हयात घालवून निवृत्त झालेले काका आमच्या धंद्यातले पहिले भागीदार. त्यांनी पैसा घातला तो थोडा, पण हात दिला तो पूर्ण. मिक्सरची पॅडल, व्हिस्क आणि हुक ही अवजारे कोणत्या कामाला लावायची हे मला पुस्तकातून कळले होते, परंतु पॅडल कधी थांबवायचे हे मला त्यांनी शिकवले. बटर 18 ते 20 अंशांच्या आसपास असावे, बोटाने दाबले तर खळगा राहावा पण बोट तेलकट होऊ नये, आणि अशा बटरमध्ये साखरेचे कण घुसळले गेले म्हणजेच हवेचे बारीक बुडबुडे धरले जातात, हा त्यांचा पहिला धडा होता. बेकिंग पावडर नवे बुडबुडे निर्माण करत नाही, असलेल्यांनाच फुगवते, हेही तेच सांगत. त्यामुळे घोटण्यात केलेली कसूर पावडरचा जादा चमचा घालून भरून काढण्याचा विचार आमच्या भट्टीत कोणी बोलूनही दाखवत नसे. सुक्या फळांना मैदा चोळला की ती तळाशी बसत नाहीत, या प्रचलित समजुतीला काका हसत. पीठच पुरेसे दाट नसेल तर नुसता मैदा चोळून फळे वर कशी राहतील, असा त्यांचा प्रश्न असे, आणि माझ्या अनुभवात तो खरा ठरला आहे.

पुढची काही वर्षे बरी गेली. डेक ओव्हन, म्हणजे थरांची मोठी भट्टी, आला, दोन कारागीर आले, वेगळे सांगण्यासारखे विशेष काही घडले नाही.

मग आमच्याच रस्त्यावर एक नवे दुकान उघडले. त्याचे नाव मी इथे लिहिणार नाही, परंतु त्या हंगामाची आठवण अजून माझ्या मनातून गेलेली नाही. त्यांच्या केकमध्ये बटरच्या जागी मार्जरीन आणि बटरचा इसेन्स असे, आणि भाव अर्थातच आमच्यापेक्षा पुष्कळ कमी. मार्जरीन वाईटच असते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ इपोलीत मेज-मूरिये यांनी 1869 मध्ये ते बटरला स्वस्त पर्याय म्हणूनच तयार केले, आणि गरम भट्टीघरातही ते घोटायला सोयीचे पडते, हे कोणताही कारागीर मान्य करील. परंतु बटर 32 ते 35 अंशांना वितळते, म्हणजे तोंडात गेल्यावर आपोआप विरघळून चव सोडते. ज्या चरबीचा वितळण्याचा बिंदू शरीराच्या तापमानापेक्षा वर असतो, तिचा थर टाळूला चिकटून राहतो. हा फरक खाणाऱ्याला सांगता येत नसला तरी जाणवतो, अशी माझी समजूत होती. त्या हंगामात तरी तो फारसा कोणाला जाणवला नाही.

आमचा एक कारागीर त्यांनी जास्त पगारावर नेला, आणि त्याच्याबरोबर आमच्या सणाच्या खोक्याची, म्हणजे केक आणि कुकीज एकत्र भरलेल्या भेटीच्या खोक्याची, मांडणीही तिकडे गेली. त्याचे मला त्या वेळी तितकेसे वाटले नाही. खरा घाव पुढे बसला. एक मोठी संस्था आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दर सणाला आमच्याकडून खोकी नेत असे आणि व्यवहार सर्वस्वी शब्दावर चालत असे. त्या वर्षीही होकार आला, बटर आणि सुकामेवा उधारीवर उचलला गेला, फळे भिजली, निम्मे केक भाजून झाले, आणि मग एका फोनवर मागणी रद्द झाली. कारण शेजारच्या दुकानाने कमी भाव दिला होता. दिलगिरीचे चार शब्ददेखील त्या फोनवर नव्हते. पुरवठादाराने तगादा लावला, ओव्हनचा हप्ता थकला आणि भट्टी विकून मोकळे व्हावे असे घरातली माणसे उघड बोलू लागली. बटर बदला, निदान अर्धे तरी बदला, असा सल्ला तर रोजचाच झाला होता. काकांनी एवढेच विचारले की बटर बदलल्यावर आपण त्यांच्याहून वेगळे काय विकणार आहोत.

आम्हाला वाचवले ते सुकामेव्याच्या केकच्या स्वभावाने आणि एका गिऱ्हाइकाने. साध्या स्पंजची मजा दोन-चार दिवसांत जाते, परंतु भिजवलेल्या फळांनी आणि साखरेने भरलेल्या केकमध्ये सूक्ष्मजीवांना वापरता येण्याजोगे पाणी फार कमी उरते. मंद आचेवर नीट भाजून, पूर्ण गार करून घट्ट गुंडाळला तर तो आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि त्याची चव मुरत जाते. म्हणून तयार माल फेकावा लागला नाही. तो खपवला मात्र आमच्या आजींनी. आजी म्हणजे निवृत्त शिक्षिका, अगदी पहिल्या वर्षापासून एकच केक नेणाऱ्या आणि कापल्यावर मधला भाग ओलसर वाटला तर तसे तोंडावर सांगणाऱ्या. रद्द झालेल्या मागणीचे कानावर येताच त्या वही घेऊन दुकानात येऊन बसल्या आणि आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून फोन लावू लागल्या. कोणालाही त्यांनी दया दाखवायला सांगितले नाही; केक चांगला आहे, तो घ्यावा, इतकेच त्या म्हणत. त्यांच्या वहीतली कित्येक नावे आज आमच्या वहीत आहेत.

त्याच हंगामात शेजारच्या दुकानाच्या खोक्यांतल्या कुकीज मऊ पडल्याच्या तक्रारी आल्या, याचे मला आश्चर्य वाटले नाही. त्यांनी आमच्या खोक्याची नक्कल केली, आतले वेगवेगळे बंद कप्पे मात्र खर्च वाचवण्यासाठी काढून टाकले. केक आणि कुकीज एकाच बंद जागेत ठेवल्या की केकमधला ओलावा कुकीजमध्ये शिरतो, हे आमच्याकडून गेलेल्या कारागिराला पक्के ठाऊक होते. त्याने ते तिथे सांगितले नसेल, किंवा त्याचे कोणी ऐकले नसेल. तरीही त्या वर्षी उत्कृष्ट उद्योजक म्हणून सत्कार झाला तो त्यांचाच, आणि आम्हाला त्या समारंभाचे निमंत्रण तेवढे आले. पुढे ते दुकान बंद झाले. त्यात आम्हाला समाधान वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल.

जी तरुण मुले सणाच्या चार दिवसांत घरून केक विकून धंद्याचे स्वप्न पाहतात, त्यांनी अर्धी रक्कम आगाऊ आणि मागणी लेखी घ्यावी, कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत, आणि नमुन्याचा केक ज्या बटरचा दिला त्याच बटरचा शेवटचा केकही द्यावा. आमच्याकडे आता सणाच्या खोक्यांची नोंदणी फळे भिजत घालण्यापूर्वीच बंद होते. गेल्या हंगामात त्याच संस्थेकडून पुन्हा विचारणा आली होती. आम्ही त्यांना भाव कळवला, आगाऊ रकमेचा नियम कळवला, आणि त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.