हरकत नाही

कॅलिफोर्नियातल्या कोर्टांत मी मराठी दुभाषी म्हणून जाते. बाहेरच्यांना एक गोष्ट पटत नाही: मला काहीही समजावून सांगायची मुभा नाही. आरोपी 'मी' म्हणाला की मीही 'मी'च म्हणायचं. स्वतःचं काही बोलायचं असेल तर 'दुभाष्याची विनंती आहे', असं तिऱ्हाइतासारखं.

ते आजोबा साताऱ्याकडचे (ओळख पटेल असं सगळं बदललंय). मुलाकडे आलेले. सेल्फ-चेकआउटवर काही वस्तू स्कॅन न होता पिशवीत गेल्या. ९५० डॉलरपर्यंतची चोरी म्हणजे बहुधा मिस्डिमीनर, हलक्या दर्जाचा गुन्हा. याला 'अदखलपात्र' म्हणणारे भेटतात, पण तो शब्द पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते की नाही याबद्दलचा. मी मिस्डिमीनरच ठेवते. पब्लिक डिफेंडरला, म्हणजे सरकारने आरोपीच्या बाजूने दिलेल्या वकिलाला, तर चुकूनही 'सरकारी वकील' म्हणायचं नाही. आपल्याकडे तो समोरच्या बाजूचा, माणूस तोंडच उघडत नाही.

वकीलबाई हुशार होत्या, पण काखेत फायलींचा गठ्ठा. कॉरिडॉरमध्ये दहा मिनिटं मिळाली. फॉर्म इंग्रजीत, मी बघून तोंडी मराठीत सांगायचा. ज्यूरीपुढे खटल्याचा हक्क सोडतो, साक्षीदारांच्या उलटतपासणीचा हक्क सोडतो, गप्प राहण्याचा हक्क सोडतो. प्रत्येक ओळीपुढच्या चौकोनात नुसती आद्याक्षरं हवी असतात. आजोबा दर वेळी पूर्ण सही करायचे, लफ्फेदार, चौकोनाबाहेर. त्यातच गेली चार मिनिटं.

वकीलबाई म्हणाल्या, 'नो कॉन्टेस्ट' करू या. म्हणजे गुन्हा केला असं म्हणायचं नाही, पण आरोपाला आव्हानही द्यायचं नाही. मी वर्षानुवर्षं वापरते तेच बोलले: आरोपाला माझी हरकत नाही.

आत जज्जबाईंनी सांगितलं की 'नो कॉन्टेस्ट' म्हटलं तरी कोर्ट तुम्हाला दोषीच धरेल. मग कायद्याने सक्तीची ती ताकीदही वाचली: नागरिक नसाल तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, पुन्हा प्रवेश किंवा नागरिकत्व नाकारलं जाऊ शकतं. मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला. समजलं का?

आजोबांचा चेहरा खुलला. माझ्याकडे वळून म्हणाले, "समजलं की ताई. हरकत न्हाई म्हनल्या न्हवं साहेब? मंग सुटलो म्हनायचं!"

उत्तर देता येत नव्हतं. तेच वाक्य इंग्रजीत केलं: जज म्हणाल्या, काही अडचण नाही, म्हणजे मी सुटलो. जज्जबाईंचं पेन थांबलं. वकीलबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्याकडे चहा हवा का विचारलं तरी 'हरकत नाही' म्हणतात, हे त्यांना कुठून ठाऊक असणार! मला ठाऊक होतं.

"दुभाष्याला आपल्या आधीच्या भाषांतरात दुरुस्ती करायची आहे," मी म्हणाले. ते रेकॉर्डवर गेलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

वकिलाशी पुन्हा नीट बोला म्हणून जज्जबाईंनी सुनावणी पुढे ढकलली. 'तारीख' म्हटल्यावर आजोबांनी लगेच मान डोलावली.

त्या पुढच्या तारखेला माझं दुसरीकडे काम होतं. दुसरं कुणीतरी फोनवरून दुभाषी होतं. त्यांनी कुठला शब्द वापरला हे मला विचारता येत नाही. माझ्या वहीत 'आरोप लढवत नाही' असं लिहून खोडलंय. लढवायची म्हटलं की पहिली निवडणूकच आठवते.