मोफत वाय-फाय आणि हरवलेला पूर्णविराम

पन्हाळा रस्त्यावरच्या ज्या मनोरंजन उद्यानाचे व्यवस्थापन मी पाहतो, तेथे येणाऱ्यांना मोफत वाय-फाय देण्याचे आम्ही ठरवले, ते काही हौसेने नव्हे. मे महिन्यातल्या रविवारी गर्दी झाली की मोबाईलचे नेटवर्क मान टाकते आणि मिसळीची ताटे हातात धरलेले लोक यूपीआयचे गोल चक्र पाहत कॅन्टीनसमोर ताटकळतात. फायबरची जोडणी आणि खांबांवरची यंत्रे आठवड्याभरात बसली. अडलो ते ओटीपीच्या एसएमएसवर.

सार्वजनिक वाय-फाय कोणालाही उघडे सोडता येत नाही. दूरसंचार विभागाच्या 2009 सालच्या सूचनांनुसार वापरणाऱ्याची ओळख पटवावी लागते, म्हणून मोबाईल क्रमांक घेऊन ओटीपी पाठवायचा. तो पाठवण्यासाठी, दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे, आधी संस्थेची, मग सहा अक्षरी हेडरची (संदेश कोणाकडून आला ते दाखवणाऱ्या नावाची) आणि शेवटी संदेशाच्या मजकुराची, म्हणजे टेम्प्लेटची, डीएलटी पोर्टलवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणीच्या संकेतस्थळावर, नोंदणी करावी लागते.

आमचे हेडर परत आले, कारण पॅनवर भागीदारी संस्थेचे नाव होते आणि हेडर उद्यानाच्या नावाचे. दोहोंचा संबंध दाखवणारे पत्र जोडले, तर त्यावरचा शिक्का पुसट निघाला. कोल्हापूरच्या राजारामपुरीतून नवा करून आणला. मग मजकूर अडला. ओटीपी म्हणजे 'ट्रान्झॅक्शनल' असे धरून आम्ही तोच प्रकार निवडला होता. तो बँकांच्या ओटीपीसाठी असतो, आपण 'सर्व्हिस इम्प्लिसिट' (ग्राहकाला दिलेल्या सेवेचे संदेश) निवडा, एवढे एक वाक्य सांगायला पोर्टल चालवणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षाने नऊ दिवस घेतले, आणि तोवर माझ्या प्रत्येक ईमेलला 'टेम्प्लेट योग्य नाही' हेच उत्तर येत राहिले.

अखेर मंजुरी आली, शनिवारी सेवा सुरू केली, आणि एकही ओटीपी पोहोचला नाही. दुपारी फाटकावरचे मामा घामाघूम होऊन आले : "साहेब, ओटीपी काय येईना झालाय, पब्लिक माझ्यावर आवाज चढवाय लागलंय." मंजूर मजकुराच्या शेवटी पूर्णविराम होता, आमच्या सॉफ्टवेअरमधून जाणाऱ्या संदेशात तो नव्हता, मजकूर तंतोतंत जुळला नाही की संदेश वाटेतच गाळला जातो. पूर्णविराम घातला आणि पाच मिनिटांत मामांच्याच मोबाईलवर पहिला ओटीपी आला. मला पगारवाढ मिळाल्यासारखे वाटले.

म्हणून खांब नंतर उभे करा, डीएलटी आधी उरका. छोट्या जागेसाठी तर डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी ही सार्वजनिक वाय-फायची सरकारी योजना पाहावी. तीत केंद्र चालवणाऱ्याला परवाना लागत नाही आणि ओळख पटवण्याचे आणि नोंदींचे काम ॲप पुरवणारी कंपनी आणि ॲग्रिगेटर (अशी अनेक केंद्रे जोडणारी कंपनी) पाहतात. हे मला उशिरा कळले. तांब्याची लॅन केबल शंभर मीटरपलीकडे ओढू नका, आणि वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर शेजारच्या यंत्रांना 1, 6 व 11 हेच चॅनेल आलटून पालटून द्या. वेगाला लगाम घालायचे मात्र आम्ही विसरलो होतो. झाडाखाली बसून रील्स पाहणाऱ्यांनी सगळी लाईन खाल्ली. प्रत्येक मोबाईलला दोन एमबीपीएसची मर्यादा घातली, तेव्हा कुठे कॅन्टीनसमोरची रांग सरकली.