निरंक

आमच्या महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारी हाताळणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष या नात्याने मी सलग तीन वर्षे जो वार्षिक अहवाल सादर केला, त्यात तक्रारींच्या रकान्यात एकच शब्द होता: निरंक. हा शब्द संस्थेत प्रशस्तिपत्रासारखा वाचला जात असे आणि खरे सांगायचे तर मीही तो तसाच वाचत होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा समितीत पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन स्तरावरचे तीन विद्यार्थी असावे लागतात आणि त्यांची निवड पारदर्शक, लोकशाही पद्धतीने व्हावी लागते. आमच्याकडे मात्र ही नावे विभागप्रमुख सुचवत आणि ती साहजिकच पहिल्या बाकावरची, कधी काही न विचारणारी असत. या वर्षी प्रथमच मतदान झाले. डिसेंबरच्या अखेरच्या शनिवारी, २७ तारखेला, अहवालाचा मसुदा पुढ्यात घेऊन मी त्या तिघांसह बसले होते.

गारगोटीहून रोज एसटीने येणाऱ्या, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीने मसुद्यावरून नजर फिरवली आणि विचारले, "मॅडम, तक्रारपेटी ऑफिसच्या दारात हाय. तिथं उभं राहिलं की सगळी मान वर करून बघत्यात. चिठ्ठी टाकणार कोण?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पेटीची जागा मीच ठरवली होती.

त्यानंतर तिने वहीतून एक घडी घातलेला कागद काढला. महाविद्यालयाच्या आवाराचा हाताने काढलेला नकाशा होता तो. वर्गावर्गांतून फिरून, मुलींना जिथे नकोसे वाटते अशा जागांवर तिघांनी खुणा करून घेतल्या होत्या. सायकल स्टँडची मागची बाजू आणि प्रात्यक्षिके संपल्यावर केएमटी या शहर बसच्या थांब्याकडे जाणारा बोळ या जागा मला अपेक्षित होत्या. सर्वांत दाट खुणा मात्र सभागृहावर होत्या, जिथे स्नेहसंमेलनाच्या तालमी चालत आणि जिथे शिक्षक असतात म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तालमीच्या गर्दीत होणारे स्पर्श आणि शेरे 'मस्करी' म्हणून खपत होते, आणि सरावाचे फोटो कुठल्या तरी ग्रुपवर जाऊन त्यांवर मुलींना गुण दिले जात होते.

एम.कॉम.चा प्रतिनिधी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी पण होतो त्या ग्रुपवर. बाहेर पडलो, पण कुणाला काय बोललो न्हाई." दुपारी मुलांशी आपण एकट्यानेच बोलावे, मी सभागृहात थांबू नये, अशी त्याने विनंती केली. अध्यक्ष म्हणून मला ते रुचले नाही, तरी मी मान्य केले. दीड तासाने त्याने जे सांगितले त्यात घोषणा किंवा शपथ काही नव्हते. तालमीत कुणी हद्द ओलांडू लागला तर त्या मुलीला "सर बोलावतायत" म्हणून बाजूला काढायचे, मित्राला तिथल्या तिथे नावाने हाक मारून थांबवायचे, एकट्याने जमत नसेल तर शिक्षकांना आणायचे आणि नंतर त्या मुलीला काय हवे आहे हे तिलाच विचारायचे. आमच्या दरवर्षीच्या व्याख्यानांत मुलींनी काय काळजी घ्यावी याचीच यादी असे.

साडेपाचच्या सुमारास माझ्या खोलीबाहेर दोन मुली उभ्या होत्या. तक्रार लेखी द्यावी लागते, ती लिहायला मदत करणे अध्यक्षाचे कर्तव्य आहे आणि घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, हे त्यांना विद्यार्थी प्रतिनिधीकडून कळले होते. सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. इथे मात्र मूळ मुदतीतलेच अकरा दिवस शिल्लक होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १६ गोपनीयतेचे आहे, त्यामुळे पुढच्या दोन तासांविषयी मी काही लिहिणार नाही.

बाहेर आले तेव्हा कार्यालयातले लिपिक कुलूप लावत होते. बंद लिफाफा पाहून त्यांना अंदाज आला असावा. ते सद्भावनेनेच म्हणाले, "मॅडम, वर्ष संपायला चारच दिवस हाईत. जानेवारीत नोंदवूया की, म्हणजे यंदाचा अहवाल निरंक जाईल."

मी त्यांना कुलूप उघडायला लावले, आवक नोंदवही मागून घेतली आणि लिफाफ्यासमोर २७ डिसेंबर ही तारीख स्वतःच्या हाताने लिहिली.